एका फौजी पिस्तुलाचा पाठ

बार उडवणाऱ्या कळीच्या पाटीवर बाहेरून दोन ठळक खुणा दिसतात. मधोमध मुकुट आणि त्याखाली जॉर्ज राजाच्या नावाची 'जीआर' ही अक्षरं. आणि गारगोटी धरणाऱ्या घोड्याच्या मागे, पाटी निमुळती होत जाते तिथे, आडवं कोरलेलं एक नाव : टॉवर. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांच्या काळात ब्रिटिश घोडदळाला दिलेलं हे गारगोटीचं पिस्तूल. जाणकार त्याला 'न्यू लँड पॅटर्न' म्हणतात. नळी नऊ इंचांची, तिचं तोंड ०.६५ इंचाचं म्हणजे साधारण साडेसोळा मिलिमीटर, नळीच्या टोकापर्यंत गेलेलं अक्रोडाचं लाकूड आणि मुठीच्या बुडाला पितळेची टोपी. नक्षी नाही, चांदी नाही, कुणा उमरावाचं घराणेचिन्ह नाही. इंग्लंडमध्ये एका लिलावाआधी माल पाहण्यासाठी मांडून ठेवला होता, तेव्हा मी ते हातात घेतलं, आणि शेजारच्या टेबलावर मखमली पेटीत ठेवलेल्या द्वंद्वयुद्धाच्या जोडपिस्तुलांकडे जायचं राहूनच गेलं.

त्या जोडपिस्तुलांचं सौंदर्य एका नजरेत कळतं, आणि बरेचदा त्या एका नजरेतच संपतं. साध्या फौजी पिस्तुलाचं तसं नाही. त्याचा अर्थ लावत बसावं लागतं. शेकडो हातांनी त्याच्यावर काही ना काही लिहून ठेवलेलं असतं : कुणी ठशानं, कुणी कानशीनं, कुणी नुसत्या वापरानं. जुन्या लष्करी पिस्तुलांचे चांगले संग्राहक आणि ती सांभाळून दुरुस्त करणारे कारागीर हे माझ्या मते या लिखाणाचे वाचक असतात, आणि त्यांची सगळी परीक्षा एकाच ठिकाणी होते : वाचताना हातून काही पुसलं जातं का?

'टॉवर'पासूनच सुरुवात करू. नवखा माणूस हे नाव वाचतो आणि पिस्तूल लंडनच्या टॉवरमध्ये घडलं असं धरून चालतो. बहुतेक वेळा ते खरं नसतं. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडच्या फौजी बंदुकांच्या कळीवर ती पुरवणाऱ्या कंत्राटदाराचं नाव आणि साल कोरत. १७६४ पासून ते थांबलं आणि सगळ्यांच्या नावाजागी 'टॉवर' आलं. शस्त्रखात्याची, म्हणजे बोर्ड ऑफ ऑर्डनन्सची, पद्धत अशी होती की नळ्या एकाकडून घ्यायच्या, कळी दुसऱ्याकडून, पितळी सामान तिसऱ्याकडून. बर्मिंगहॅम आणि त्याच्या आसपासची गावं या कामावर जगत. डार्लस्टनसारख्या गावात घरोघर कळी घडत. हा सगळा सुटा माल तपासून कोठारात भरायचा आणि मागणी येईल तसा लाकूडकाम करणाऱ्यांच्या आणि जुळणी करणाऱ्यांच्या हाती द्यायचा. त्यामुळे एकाच पिस्तुलात अनेक माणसं आहेत, आणि बाहेरून त्यातलं एकही दिसत नाही. दिसतं ते खात्याचं नाव.

पण पाटी उघडून आतली बाजू पाहिली की ती माणसं हजर होतात. कळ दोन आडव्या स्क्रूंवर बसलेली असते. ते सोडवून ती लाकडातून अलगद बाहेर काढली की पाटीच्या पोटात कळ घडवणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं ठोकलेली सापडतात. त्याशिवाय कानशीनं पाडलेल्या बारीक खाचा असतात : एका स्क्रूवर एक खाच, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन, आणि त्यांच्या भोकांशेजारीही तेवढ्याच. त्या काळी दोन स्क्रूंचे आटे सारखे नसत. ज्या भोकासाठी जो स्क्रू कापला तो तिथेच बसणार, म्हणून कारागिरानं स्वतःच्या सोयीसाठी ही खूणगाठ बांधलेली. ती सैनिकासाठी नव्हती, अधिकाऱ्यासाठी नव्हती, राजासाठी तर नव्हतीच. बाहेरच्या मुकुटापेक्षा या तीन खाचा मला जास्त बोलक्या वाटतात. एका माणसानं संध्याकाळ व्हायच्या आत ढीगभर कळी जुळवताना घोटाळा होऊ नये म्हणून घेतलेली ती काळजी आहे, आणि दोनशे वर्षांनी ती कळ उघडणाऱ्याला ती जशीच्या तशी उपयोगी पडते.

नळीवरच्या खुणा वेगळ्या सुरात बोलतात. मुळाशी, डाव्या अंगाला, मुकुटाखाली फुली मारल्यासारखे दोन राजदंड आणि शेजारी राजाची अक्षरं. नेहमीच्या बारापेक्षा कितीतरी जड बार भरून नळी उडवून पाहिली आणि ती फुटली नाही, याची ही साक्ष. त्याखेरीज बाणाच्या फाळासारखी तीन रेघांची खूण, ती सरकारी मालकीची. मुकुट आणि आकडा असा छोटा ठसा ठिकठिकाणी असतो, तो तपासनिसाचा. मुठीच्या लाकडावर कोठारप्रमुखाचा गोल ठसा. आणि सगळ्यात शेवटी, पलटणीत गेल्यावर पडलेली खूण : पलटणीचा क्रमांक, तुकडीचं अक्षर आणि शस्त्राचा आकडा, बहुधा ओबडधोबड हातानं. या क्रमाला अर्थ आहे. लोहारापासून निघून तपासनीस, कोठार, पलटण असा पिस्तुलाचा प्रवास या ठशांवरून पायरीपायरीनं लावता येतो. एखादी पायरी गळाली तर थांबून विचार करावा लागतो, आणि एखादी जास्तीची आढळली तर आणखीच.

जास्तीची खूण कधी कधी फार सुंदर निघते. सरकारी बाणाच्या टोकाला टोक लावून दुसरा उलटा बाण ठोकलेला दिसला, तर समजावं की पिस्तूल नोकरीतून मोकळं होऊन बाजारात विकलं गेलं. मालकी सांगणारी तीच खूण तिच्यासमोर तिचंच प्रतिबिंब ठेवून रद्द केली. इतक्या थोडक्यात इतकं सांगणारी लेखी निशाणी मी फार क्वचित पाहिली आहे.

आता रचना. या पिस्तुलात शोभेसाठी काहीच नाही आणि तरी त्याचं रूप नीटस आहे, याचं कारण प्रत्येक आकारामागे कुठलीतरी जुनी अडचण उभी आहे. घोड्याची मान पाहा. आधीच्या पिस्तुलांत ती हंसाच्या मानेसारखी वळलेली, नाजूक आणि डौलदार असे, पण तिथेच ती मोडायची. गारगोटीचा प्रत्येक आघात त्या बारीक वळणावर येई. म्हणून नव्या नमुन्यात मान जाड झाली आणि तिच्यात मधे छिद्र ठेवलं गेलं : वजन फार न वाढता दोन्ही बाजूंनी आधार. मुठीच्या पितळी टोपीला पूर्वी दोन्ही अंगांना वर चढणारे लांब पंख असत, ते गेले, कारण हजारोंच्या संख्येनं टोप्या ओतायच्या तर तेवढं पितळ आणि तेवढा वेळ कशासाठी? नेम धरायला नळीवर माशीही नाही. धावत्या घोड्यावरून, हातभर अंतरावरच्या माणसावर झाडायच्या शस्त्राला तिचा उपयोग नव्हता.

सगळ्यात हुशारीचा भाग गजाचा आहे. पायदळाच्या बंदुकीचा गज सुटा असतो, तो काढायचा, बार ठासायचा आणि परत ठेवायचा. घोड्यावर बसलेल्या माणसाच्या एका हातात लगाम, मनगटाला लटकलेली तलवार, खाली हलतं जनावर. त्यात सुटा गज हातातून निसटला की पिस्तूल त्या लढाईपुरतं निकामी झालं. म्हणून नळीच्या तोंडाशी दोन बाजूंना फिरत्या पट्ट्या बसवून गज त्यांत अडकवला. तो बाहेर येतो, उलटतो, नळीत जातो, परत आपल्या जागी बसतो, पण पिस्तुलापासून सुटत मात्र नाही. जुन्या पिस्तुलात या पट्ट्या अडकून बसलेल्या असतात. साफसफाईनंतर त्या पहिल्यांदा फिरतात आणि गज सहज वळण घेऊन नळीत उतरतो, तेव्हा ज्यानं हे सुचवलं त्याच्याबद्दल मनात खरोखर आदर दाटून येतो.

आणि बार उडण्याची ती घडी. मराठी वाचकाला यातले शब्द परके नाहीत. बखरी आणि पोवाडे वाचलेल्याला रंजक, कान, गज, बार ठासणं हे सगळं ओळखीचं आहे. कागदी काडतूस दातानं फाडायचं, चिमूटभर दारू रंजक म्हणून कळीवरच्या वाटीत ओतायची, पोलादी झडप वाटीवर बसवायची, उरलेली दारू आणि गोळी नळीत ठासायची. घोडा अर्धा चढवलेला, म्हणजे चाप ओढला तरी पडणार नाही असा. मग तो पूर्ण चढवायचा. चाप ओढला की गारगोटी त्या झडपेच्या कडक तोंडावर घासत खाली येते, पोलादाचे अतिबारीक तापलेले कण खरवडून उडतात, त्याच धक्क्यानं झडप उघडते, ठिणग्या रंजकात पडतात, रंजक भडकतं, ज्वाळा कानातून आत शिरते आणि आतला बार पेटतो. या साखळीला वेळ लागतो, थोडाच, पण कानाला जाणवण्याइतका : आधी खट्, मग फस्स, मग धडाका. वारा, दव, बोथट झालेली गारगोटी, कानात साचलेली काजळी, यांतलं काहीही ही साखळी तोडू शकतं. रंजक भडकून गेलं आणि बार तसाच राहिला, हा अनुभव त्या सैनिकांच्या रोजच्या जगण्यातला होता. तलवारीवरच त्यांचा भरवसा असे, यात नवल नाही.

या वस्तूला वीररस चिकटवायची आपल्याला सवय आहे. मला तिच्यात तो फारसा सापडत नाही. १८ जून १८१५ ला वॉटर्लूच्या चिखलात घोडा अंगावर पडलेल्या कुणा पोराच्या हातात यातलंच एखादं असेल, आणि ओल्या दारूमुळे ते उडालंही नसेल. हे माणूस मारायचं हत्यार आहे, आणि ते विसरून त्याच्या पितळेची वाहवा करणाऱ्या संग्राहकाशी माझं जुळत नाही. पण ते हत्यार आहे म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवणाऱ्याशीही जुळत नाही. ज्यांच्या हातून हे गेलं त्यांपैकी बहुतेकांनी मागे एक ओळही लिहून ठेवलेली नाही. त्यांचं लिखाण आपल्याकडे आहे ते एवढंच.

इथून पुढे या पिस्तुलाच्या आयुष्याला वळण मिळतं ते एका धर्मोपदेशकामुळे. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळ बेलहेल्वी नावाचं गाव आहे, तिथले रेव्हरंड अलेक्झांडर फॉर्साइथ पक्ष्यांच्या शिकारीचे शौकीन होते. रंजकाचा भडका दिसला की बार उडायच्या आत पक्षी सावध होतात, ही त्यांची तक्रार. म्हणून आघातानं पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग करून गारगोटीशिवाय बार उडवायची युक्ती त्यांनी काढली. १८०६ साली शस्त्रखात्याचे प्रमुख लॉर्ड मॉयरा यांनी त्यांना लंडनच्या टॉवरमध्ये जागा देऊन प्रयोग करायला लावले. पुढच्याच वर्षी मॉयरा त्या पदावरून गेले, त्यांच्या जागी लॉर्ड चॅटम आले, आणि फॉर्साइथना गाशा गुंडाळावा लागला. १८०७ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं, पण फौजेनं ही पद्धत खऱ्या अर्थानं स्वीकारायला १८३० च्या दशकाची अखेर उजाडली. हे मॉयरा म्हणजेच पुढे हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल झालेले मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज. त्यांच्याच कारकिर्दीत खडकी आणि कोरेगावच्या लढाया झाल्या आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. टॉवरमधले प्रयोग चालू राहिले असते तर त्या लढायांत ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती वेगळी शस्त्रं असती का, हा प्रश्न मनात येतो खरा. पण फौजेनं नवी कळ स्वीकारायला पुढेही लावलेला वेळ पाहता तसं झालं असतं असं मला वाटत नाही.

कंपनीचं नाव निघालं म्हणून सांगतो. ईस्ट इंडिया कंपनीची पिस्तुलंही याच घराण्यातली, फक्त पाटीवर 'टॉवर'ऐवजी तिची स्वतःची खूण. आधी चार भाग केलेलं हृदय आणि त्यावर चारचा आकडा, १८०८ च्या सुमारापासून मुकुट धरून मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह. तो सिंह जिथे दिसेल तिथे आपल्याकडच्या वाचकानं दोनदा पाहावं. एक, कारण त्यात आपला इतिहास गुंतला आहे. आणि दोन, कारण त्याची नक्कल फार होते. खैबरच्या परिसरात, पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलसारख्या ठिकाणी, जुन्या ब्रिटिश शस्त्रांच्या नकला पिढ्यान्‌पिढ्या घडत आल्या आहेत. तिथल्या काही कारागिरांच्या हातांत विलक्षण कसब आहे, पण इंग्रजी अक्षर त्यांच्या लेखी चित्र होतं. म्हणून 'एन' उलटा पडतो, मुकुट भोपळ्यासारखा दिसतो, सिंहाचा कुत्रा होतो, आणि गारगोटीच्या पिस्तुलावर कळच बदलून गेलेल्या काळातलं साल बसतं. अशी नक्कलही सांभाळून ठेवण्यासारखी आहे, पण तिच्या खऱ्या नावानं.

फौजेत नवी कळ आली तेव्हा जुन्या शस्त्रांचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला. ३० ऑक्टोबर १८४१ च्या रात्री टॉवरच्या ग्रँड स्टोअरहाउसला लागलेल्या आगीत जुन्या शस्त्रांचा मोठा साठा राख झाला. पण जे वाचलं, जे आधीच विकलं गेलं होतं किंवा पोलीस आणि स्वयंसेवक पथकांकडे होतं, त्यातलं बरंच बदलून घेण्यात आलं : कुठे सरकारी कामगारांकडून, कुठे गावच्या बंदूकवाल्याकडून. झडप काढली, तिची कमान काढली, रंजकाची वाटी कापून टाकली. गारगोटीचा घोडा जाऊन हातोडीसारखा घोडा आला. कानाच्या जागी पोलादी बोंड बसलं, त्यावर आघातानं पेटणारं रसायन भरलेली तांब्याची टोपी घालायची की झालं. पाटीवरची रिकामी भोकं बुजवून कानशीनं सपाट केली गेली. एका दिवसाच्या कामात पिस्तुलाला आणखी दोन-तीन दशकांचं आयुष्य मिळालं.

आणि इथेच संग्राहकांचा जुना वाद पेटतो. बाजारात गारगोटीच्या पिस्तुलाला मान जास्त, म्हणून किंमत जास्त. त्यामुळे विसाव्या शतकात कित्येक बदललेली पिस्तुलं पुन्हा 'मूळ' रूपात आणली गेली : बोंड काढलं, नवी वाटी जोडली, नवी झडप आणि नवा घोडा चढवला, नव्या लोखंडाला जुनाट रंग दिला. हे काम करणाऱ्यांत उत्तम कारागीर होते. त्यांचं कौशल्य नाकारायचं नाही, पण त्यांनी केलं ते मला मान्य नाही.

शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. लोकांनी मधे घातलेल्या ओव्या आणि बिघडलेले पाठ त्यांनी दूर केले, आणि यापुढे कुणी त्यात आपली ओवी मिसळू नये असं बजावून ठेवलं. पिस्तूल पुन्हा गारगोटीवर नेणारा माणूस आपण हेच करतो आहोत असं समजतो : मधे शिरलेलं काढलं, मूळ ते परत आणलं. पण नाथांच्या हाती जुन्या प्रती होत्या. मूळ ओवी कुठेतरी लिहिलेली होती आणि ती त्यांनी शोधली. इथे मूळ वाटी आणि मूळ झडप दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी भंगारात गेली. आता जी बसते ती आजच्या माणसाची ओवी आहे. आणि तिला जागा करून देण्यासाठी जे काढलं जातं ते खरं, जुनं, कामासाठी केलेलं आणि कामात वापरलेलं आहे. म्हणजे क्षेपक घालण्यासाठी अस्सल मजकूर खोडला जातो.

असं पिस्तूल ओळखायचं कसं? लोखंडच सांगतं. टोप्यांतल्या रसायनाचा मळ फार गंज आणणारा. बोंडाभोवती नळीवर त्यामुळे बारीक खड्ड्यांचं जाळं पडतं. वाटी नवी बसवली तरी शेजारचे खड्डे राहतात. खड्डे पडलेल्या नळीला चिकटून गुळगुळीत वाटी असेल तर ती नंतर आली. झडपेवर गारगोटीचे ओरखडे खालपर्यंत सारखे ओढलेले नसतील तर ती कधी नीट उडालेलीच नाही. तपासनिसाचा मुकुट बाकी भागांवर आहे आणि घोड्यावर नाही, हेही लक्षात घ्यावं. आणि पाटी आतून पाहावी. बाहेरून बुजवलेलं भोक कितीही बेमालूम असलं तरी आतल्या बाजूला त्याची गोल कड बहुधा दिसतेच.

दुरुस्तीच्या मेजावर या वाचनाला हात फुटतात. सगळ्यात आधी करायचं ते वाचनाच्याही आधीचं : पिस्तूल भरलेलं आहे का पाहणं. ठासणीची शस्त्रं बार भरलेल्या स्थितीत अडगळीत पडलेली सापडतात, आणि कोरडी राहिलेली काळी दारू इतक्या वर्षांनीही पेटू शकते. लाकडाची काडी नळीत टेकेपर्यंत घालायची, तोंडाशी तिच्यावर खूण करायची, मग ती बाहेरून नळीला लावून पाहायची. काडी कानापर्यंत पोहोचली तर नळी रिकामी. बोटभर अलीकडेच थांबली तर आत काहीतरी आहे, आणि मग जाणकाराला बोलावेपर्यंत पिस्तुलाला हात लावायचा नाही. एका वयस्क कारागिराला मी हे करताना पाहिलं. त्यांच्या ठेवणीतली काडी वर्षानुवर्षांच्या खुणांनी भरून गेली होती, आणि काडी नळीत असेपर्यंत ते कुणाशी एक शब्द बोलले नाहीत.

मग स्क्रू. बाजारातला पेचकस जसाच्या तसा लावला तर खाचेचे काठ चुरगळतात, आणि चुरगळलेला स्क्रू पुढच्या प्रत्येक वाचकाला सांगतो की इथे कुणीतरी घाई केली होती. म्हणून ते कारागीर प्रत्येक खाचेच्या मापानं पेचकसाचं पातं घासून घेत. हट्टी स्क्रूला तेल लावून दिवसच्या दिवस थांबत. मोठी कमान नुसत्या हातानं काढत नाहीत. ती लहानशा शिकंज्यात दाबून धरली की सैल होते, आणि तशीच बाहेर येते. गंज दोन प्रकारचा. लालसर, बोटाला लागणारा, तो जिवंत आणि पसरणारा. तो जायलाच हवा. काळपट तपकिरी, धातूला घट्ट धरलेला, तो थांबलेला. त्याला राहू द्यायचं. तेल, अतिशय बारीक तारेचा बोळा, हाडाची किंवा लाकडाची खरवडणी आणि वेळ, इतकंच लागतं. शेवटी मेणाचा पातळ हात. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत विसाव्या शतकात तयार झालेलं एक पांढरं मेण यासाठी जगभर वापरतात. लाकडाला काचकागद कधीच लावायचा नाही, कारण कोठारप्रमुखाचा ठसा लाकडात केसभरच उतरलेला असतो आणि दोनदा घासलं की नाहीसा होतो. तडा गेला असेल तर सरस, कारण तो कोमट पाण्यानं पुन्हा सोडवता येतो. उद्याच्या माणसाला आपलं काम उलटवता यावं, हे त्या कारागिराचं पहिलं कलम होतं.

यात एक पेच आहे. हे पिस्तूल नवं होतं तेव्हा चकचकीत होतं. ब्रिटिश फौजी नळ्यांना तपकिरी रंग द्यायची पद्धत १८१५ च्या सुमारास आली. त्याआधीचं लोखंड आरशासारखं उजळ ठेवायचा दंडक होता, आणि सैनिक विटेची पूड आणि तेल लावून ते घासत. म्हणजे आज आपण जो काळपट रंग जपतो तो मूळचा नाहीच. मग घासून उजळ का करू नये? हा प्रश्न अनेक प्रामाणिक माणसांनी विचारला आहे आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. माझं उत्तर ठशांपाशी आहे. सैनिकाच्या विटेच्या पुडीनं राजदंड झिजून पुसट झाले, ही झीज त्या पिस्तुलाच्या नोकरीचा भाग आहे, तिच्यात त्याचे कवायतीचे दिवस आहेत. आज मशीनच्या चाकावर घासलं तर जी झीज होईल तिच्यात फक्त आपली हौस असेल. झिजलेल्या ठशात आता आणखी झीज सोसण्याइतकं लोखंड उरलेलंही नाही.

नवा भाग घालावाच लागला तर? समजा, बदललेल्या पिस्तुलाचा हातोडीसारखा घोडाच हरवला आहे आणि त्यावाचून कळीची रचनाच समजत नाही. तर घालावा, पण त्याच्या आतल्या अंगावर साल आणि आपली खूण ठोकावी, आणि काय केलं त्याची चिठ्ठी पिस्तुलासोबत ठेवावी. ज्या कारागिराचा मी उल्लेख केला ते असंच करत. बाहेरून घोडा इतरांसारखाच दिसे. पाटी उघडणाऱ्याला मात्र जुन्या तीन खाचांशेजारी नव्या माणसाची सही सापडे.

आपल्याकडे हा छंद जोपासताना कायदा आधी पाहावा लागतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यातून जुन्या घाटाच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट आहे ती ती शस्त्रं दुरुस्त करूनही चालण्याजोगी नसतील तरच. म्हणजे पिस्तूल पुन्हा उडेल असं करणं इथे आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. ब्रिटनमध्ये १९६८ च्या कायद्यानं केवळ कुतूहलाची किंवा शोभेची म्हणून ठेवलेली पुरातन शस्त्रं परवान्यातून वगळली आहेत, म्हणून तिथे साधा शिक्षक किंवा सुतारही असा संग्रह करू शकतो. पाहण्यापुरतं लीड्सचं रॉयल आर्मरीज आहेच. आपल्याकडे मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि पुण्याचं राजा केळकर संग्रहालय, दोन्हींकडे शस्त्रांची दालनं आहेत. काचेआडून पाटीची आतली बाजू दिसत नाही, ही मात्र मोठी उणीव. संग्रहालयांनी एखादी तरी कळ उघडून, आतल्या खाचांसकट मांडावी असं मला फार वाटतं.

ज्यांना खरंच संग्रह करायचा आहे आणि जिथे कायद्यानं तो करता येतो, त्यांना माझं सांगणं असं की सुरुवात बदललेल्या पिस्तुलापासून करा. लिलावात ती गारगोटीच्या पिस्तुलांपेक्षा कमी किमतीला जातात, कारण बहुतेकांना त्यांच्यात बिघाड दिसतो. पण त्यांत दोन काळांच्या कारागिरांचे हात एकाच पाटीवर आहेत. आधी मुकुट आणि 'टॉवर' पाहा, मग झडपेच्या कमानीचा स्क्रू जिथे होता ते बुजवलेलं भोक शोधा, मग बोंडाभोवतीचे खड्डे बघा, आणि विकणारा परवानगी देत असेल तर त्याच्याच हातानं पाटी उघडायला सांगून आतल्या खाचा मोजा. भोक बुजवणाऱ्यानं आपलं काम लपवण्यासाठी फारसे कष्ट घेतलेले दिसणार नाहीत. त्याला ते लपवायचं नव्हतंच. पिस्तूल दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं.